पेठांचा फुटबॉल आणि तळ्यावरचे स्टेडियम

कोल्हापूरला जाणाऱ्या पाहुण्याचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. सकाळी अंबाबाईचे दर्शन, दुपारी तांबडा-पांढरा रस्सा, सायंकाळी रंकाळ्याचा काठ, दुसऱ्या दिवशी पन्हाळा किंवा जोतिबा, आणि परतीच्या वाटेवर चपला व गूळ. या यादीत राजर्षी शाहू स्टेडियमचे नाव सहसा नसते. देवळापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर ते आहे. तरीही मुंबई-पुण्याचा पाहुणा तिकडे वळत नाही, कारण तिथे काय चालते हे त्याला कोणी सांगितलेले नसते. हिवाळ्याच्या सुरुवातीपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत या मैदानावर दुपारच्या वेळी फुटबॉलचे सामने होतात आणि ते पाहण्यासाठी हजारो माणसे कामधंदा सोडून येतात. खेळणारे संघ कुठल्या उद्योगसमूहाचे नसतात, कुठल्या वाहिनीचेही नसतात. ते पेठांचे असतात, किंबहुना गल्ल्यांचे असतात.

महाराष्ट्रात इतरत्र हा प्रकार नाही. आपल्याकडे गावोगावी मैदान म्हणजे शाळेचे पटांगण, नाहीतर पीक निघाल्यावर मोकळे झालेले शेत. परभणी जिल्ह्यातल्या देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी घ्या किंवा एखाद्या मोठ्या तालुक्याच्या गावी घ्या, खेळ म्हटला की टेनिसच्या चेंडूवरचे क्रिकेट आणि फार तर कबड्डीचे सामने. त्यांना गर्दीही होते, पण तिला वर्षानुवर्षांची स्मृती नसते. कोल्हापुरात मात्र पंचवीस वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात कोणी कोणत्या मिनिटाला कोणत्या पायाने गोल मारला, हे सांगणारी माणसे चहाच्या टपरीवर भेटतात, आणि त्यांचे म्हणणे खोडून काढणारी माणसे शेजारच्याच बाकावर बसलेली असतात.

तीन आखाडे, एक परिसर

स्टेडियमकडे जाण्याचा उत्तम मार्ग बिंदू चौकातून आहे. घाई नसेल तर रिक्षा करू नये. बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे अर्धपुतळे आहेत. ९ डिसेंबर १९५० रोजी, म्हणजे बाबासाहेब हयात असतानाच, भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ते बसवण्यात आले. तिथून खासबागेकडे वळले की शहराचा स्वभाव बदलतो. देवळाभोवतीची यात्रेकरूंची गर्दी मागे पडते. भेळ, मिसळ आणि वडापाव यांची वर्दळ सुरू होते, आणि डाव्या-उजव्या हाताला एकेक आखाडा दिसू लागतो.

पहिला खासबागेचा. राजर्षी शाहू महाराजांनी १९०७ मध्ये या कुस्ती मैदानाचे काम सुरू केले आणि १९१२ मध्ये ते पूर्ण झाले. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी महाराज विलायतेला गेले होते. त्या प्रवासात रोममधले प्राचीन क्रीडागार पाहून त्यांच्या मनात ही कल्पना आली, असे सांगितले जाते. मैदान जमिनीच्या वर उभारलेले नाही, ते जमिनीत खोल उतरवले आहे. मध्यभागी कुस्तीचा हौदा आणि त्याच्या सभोवार गोलाकार चढत जाणारी बैठक. खांब नाहीत, आडोसा नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाची पकड दिसावी, इतका साधा हिशेब त्यामागे आहे. आधुनिक वास्तुविशारदांनी मुद्दाम येऊन पाहावे असे हे काम आहे. त्याला लागूनच १९१५ सालचे पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. कुस्ती आणि संगीत नाटक यांना एकाच भिंतीच्या दोन बाजूंना बसवणारा राजा विरळाच. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, हे नाट्यगृह आगीत भस्मसात झाले. खासबाग मैदानाच्या बाजूचा रंगमंचही त्या आगीत गेला. त्या रात्री रस्त्यावर उभे राहून रडणाऱ्या कोल्हापूरकरांची छायाचित्रे वृत्तपत्रांत छापून आली होती. नंतर पुनर्बांधणीचे काम हाती घेण्यात आले. जळलेली वास्तू पुन्हा पूर्वीसारखी उभी राहावी, ही मागणी करण्यात नाट्यकर्मींबरोबर तालमीतले कार्यकर्तेही होते, आणि कोल्हापूर ओळखणाऱ्याला याचे आश्चर्य वाटणार नाही.

दुसरा आखाडा साठमारीचा. हा शब्द आता बहुतेकांना केवळ परिसराचे नाव म्हणून ठाऊक आहे. साठमारी म्हणजे मस्तवाल हत्तीला डिवचायचे, त्याला अंगावर घ्यायचे आणि ऐन वेळी भक्कम बांधकामाच्या आडोशाला निसटायचे, असा संस्थानी काळातला जीवघेणा खेळ. बडोद्यातही तो होता. शाहू महाराजांना त्याचा मोठा शौक होता. हत्ती गेले, खेळ गेला. नाव आणि काही अवशेष तेवढे उरले.

तिसरे मैदान म्हणजे आपले शाहू स्टेडियम. ते शोधताना रावणेश्वराचे महादेव मंदिर विचारले तरी चालते, कारण दोन्ही शेजारीशेजारी आहेत. या शेजारात एक जुनी हकीकत दडलेली आहे. जुने कोल्हापूर हे तळ्यांचे गाव होते. प्रत्येक वस्तीचे आपले तीर्थ, आपले तळे. त्यांतली बरीचशी गेल्या शतकभरात बुजवली गेली. वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान झाले, कपिलतीर्थाच्या जागी भाजी मंडई आली, आणि रावणेश्वर तळ्याच्या जागी हे स्टेडियम उभे राहिले. तळे मुळातच खोलगट असते, त्याच्या काठांवर पायऱ्या चढवल्या की प्रेक्षागृह आपोआप तयार होते. पाण्याने मात्र आपला हक्क अद्याप पुरता सोडलेला नाही. पावसाळ्यात गांधी मैदानाचे तळे झाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. पावसाळ्यात कोल्हापूरचा फुटबॉल थांबतो, मैदानाला विश्रांती मिळते आणि गवत पुन्हा धरते. युरोपात आणि कोलकात्यात पावसाचिखलात फुटबॉल चालतो; इथे मात्र हंगामाचे वेळापत्रक पाऊस ठरवतो.

तालमीतून मैदानात

संघांची नावे वाचली की परक्या माणसाचा पहिला गोंधळ होतो. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, ऋणमुक्तेश्वर तालीम, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. तालीम म्हणजे कुस्तीची. तिचा फुटबॉलशी संबंध काय?

संबंध जवळचा आहे. शाहू महाराजांच्या कारकिर्दीत, म्हणजे १८९४ ते १९२२ या काळात, कुस्तीला जो राजाश्रय मिळाला त्यामुळे पेठापेठांत तालमी भरभराटीला आल्या. तालीम ही केवळ व्यायामाची जागा नव्हती. पेठेतले तंटे तिथे मिटत, गणपती तिथे बसे, पाहुणा आला तर तिथे उतरे, आणि पोरगा बिघडू लागला तर वस्ताद त्याचे कान तिथेच पिळत. थोडक्यात, ते गल्लीचे चावडीसारखे ठिकाण होते. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. राजाश्रय आटला, तरी तालमी राहिल्या. पुढे लाल मातीत उतरणाऱ्या पोरांची संख्या घटू लागली तेव्हा याच तालमींनी फुटबॉलला घर दिले. खर्च थोडा, साधन एकच, आणि पेठेची ईर्षा भागवायला अकरा जणांची सोय. कुस्तीत पेठेचा एकच मल्ल उतरतो. फुटबॉलमध्ये अख्खी गल्ली उतरते.

ईर्षा हा शब्द इथे नीट समजून घ्यावा लागतो. प्रमाण मराठीत तो हेव्याकडे झुकतो. कोल्हापुरात मात्र ईर्षेने खेळणे ही स्तुती आहे. ईर्षेने दूध पिणे, ईर्षेने मिरवणूक काढणे, ईर्षेने वर्गणी जमवणे, हे सगळे इथे सद्गुणात मोडते. विश्वचषकाच्या काळात, २०१८ मध्ये असो वा २०२२ मध्ये, ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे व मेस्सी-नेमारचे भव्य फलक कोल्हापुरात ज्या आवेशाने लागले, त्यामागेही हीच वृत्ती होती. समोरच्या गल्लीने वीस फुटांचा फलक लावला की आपला पंचवीस फुटांचा.

पेठांचा नकाशा थोडक्यात असा. शिवाजी पेठेत शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, संध्यामठ तरुण मंडळ. मंगळवार पेठेत पाटाकडील आणि बालगोपाल. रविवार पेठेत दिलबहार. जुना बुधवार पेठेचा आपला संघ, उत्तरेश्वर पेठेचा आपला. शहराच्या पश्चिमेला फुलेवाडीचे क्रीडा मंडळ. यांच्या जोडीला प्रॅक्टिस क्लबसारखे नामांकित संघ, आणि पोलिसांचाही एक संघ. वरिष्ठ गटात १६ संघ. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘केएसए’, ही लीग चालवते आणि राजघराण्याचा या संस्थेशी असलेला संबंध आजही टिकून आहे. लीग संपली की चषकांचे सामने सुरू होतात. त्यांतल्या अनेक चषकांना राजकीय नेत्यांची किंवा त्यांच्या घराण्यांतील व्यक्तींची नावे असतात. ती नावे वाचली तरी जिल्ह्याच्या राजकारणाची गेल्या पाव शतकाची चढउतार कळावी, इतकी ती बोलकी आहेत.

शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्या संघांची गाठ पडते त्या दिवशी शहरात वेगळी हवा असते. एकाच घरात सासर-माहेर वेगवेगळ्या पेठांचे असेल, तर जेवणाच्या ताटावर विषय निघू नये म्हणून दक्षता घेतली जाते, असे विनोदाने सांगतात. तो विनोद फारसा अतिशयोक्त नसावा.

सामन्याचा दिवस

साधारणपणे दिवसाला दोन सामने असतात. पहिला भर दुपारी, दुसरा चारच्या सुमारास. मोठा सामना दुसरा. उन्हाळ्यात पश्चिमेकडच्या पायऱ्यांवर सावली लवकर येते, म्हणून तिकडची जागा आधी भरते. तिकीट स्वस्त असते. बसायला सिमेंटच्या पायऱ्या, वर छप्पर फारसे नाही. मैदानाभोवतीच्या इमारतींच्या गच्च्या आणि गॅलऱ्या हे या स्टेडियमचे अनधिकृत प्रेक्षागृह. तिथे बसणाऱ्यांना तिकीट नाही, पण मत मात्र भरपूर असते.

खेळाचा दर्जा कसा? प्रामाणिकपणे सांगायचे तर वाहिन्यांवर युरोपचे सामने पाहणाऱ्याला तो कच्चा वाटेल. मैदान सपाट नाही, चेंडू अनपेक्षित उसळतो, आणि मधल्या फळीतून रचून केलेल्या चढाईपेक्षा उंच मारलेल्या लांब पासवर जास्त विसंबले जाते. परंतु वेग, धडक आणि शेवटच्या मिनिटापर्यंत न सोडण्याची जिद्द यांत हा खेळ कुठेही कमी नाही. बाद पद्धतीच्या सामन्यात बरोबरी झाली की टायब्रेकर. त्या वेळी पायऱ्यांवर जी शांतता पसरते, ती अनुभवण्यासाठी तरी एकदा जावे. पेनल्टी मारणारा पोरगा कोणाच्या आळीतला, त्याचा चुलता कोणत्या संघात होता, त्याने शाळेच्या सामन्यात अशीच पेनल्टी बाहेर कशी घालवली होती, हे सारे आजूबाजूला पुटपुटत सांगितले जात असते. व्यावसायिक क्रीडेत प्रेक्षक खेळाडूला नावाने ओळखतो. इथे तो त्याला घराण्याने ओळखतो.

प्रेक्षकांत स्त्रिया कमी दिसतात, ही गोष्ट डोळ्यांत भरते. मुली शाळा-महाविद्यालयांतून फुटबॉल खेळतात, चांगला खेळतात. पायऱ्यांवर मात्र अजून पुरुषांचीच वस्ती आहे. ज्या शहरात बिंदू चौकासारखी स्मारके अभिमानाने दाखवली जातात, तिथे हे शोभत नाही. याचे एक कारण पायऱ्यांवरच्या भाषेत आहे आणि दुसरे सामन्यानंतर अधूनमधून होणाऱ्या गोंधळात.

तो गोंधळ झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पंचांच्या निर्णयावरून बाचाबाची, मग खेळाडूंची धक्काबुक्की, मग समर्थकांची हुल्लड, दगडफेक, पोलिसांचा लाठीमार, दुसऱ्या दिवशी गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या, आणि खेळाडूंवर किंवा संघांवर बंदी, हा क्रम अनेक हंगामांत दिसला आहे. कधी हंगामच अडचणीत आला आहे. मोठ्या सामन्याला पोलीस बंदोबस्त ही आता नित्याची बाब झाली. ईर्षेची सीमा ओलांडली की खुन्नस सुरू होते, आणि भ्रमणध्वनीवरच्या चित्रफितींनी या खुन्नशीला नवे इंधन पुरवले आहे. पूर्वी पराभवाची टिंगल गल्लीच्या तोंडाशी संपत असे. आता ती रात्रभर फिरत राहते आणि पुढच्या सामन्याच्या आधीच भांडण शिजलेले असते. त्याच वेळी हेही लक्षात ठेवावे लागते की २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत, पंचगंगेचे पाणी वस्त्यांत शिरले तेव्हा, माणसांना बाहेर काढणारे आणि जेवण पोचवणारे हात बहुतांशी याच तालमींचे आणि मंडळांचे होते. एकाच ताकदीची ही दोन रूपे आहेत. पोलिसांच्या नोंदवहीत मात्र एकाचीच दखल घेतली जाते.

शिडी नसलेला जिना

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इतकी गर्दी, इतकी परंपरा, इतकी पोरे. मग कोल्हापूरने भारताला किती फुटबॉलपटू दिले? उत्तर फारसे समाधानकारक नाही. अनिकेत जाधव हा कोल्हापूरचा मुलगा २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतीय संघातून खेळला आणि पुढे इंडियन सुपर लीगमध्ये गेला. निखिल कदम मोहन बागानच्या जर्सीत दिसला. आणखी काही नावे घेता येतील. तरीही दर दुपारी पायऱ्या भरणाऱ्या गर्दीच्या मानाने ही यादी तोकडी आहे. अनिकेतची घडणही पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली, पेठेच्या लीगमध्ये नव्हे.

याचे कारण समजण्यासाठी एक परदेशी उदाहरण उपयोगी पडेल. अमेरिकेत बेसबॉलची ‘मायनर लीग’ असते. लहान शहरांत आटोपशीर स्टेडियम, स्वस्त तिकीट, कुटुंबासह येणारे स्थानिक प्रेक्षक. वरवर पाहता हे शाहू स्टेडियमचेच विलायती भावंड वाटावे. रचना मात्र पूर्ण वेगळी. तिथला प्रत्येक लहान संघ एखाद्या मोठ्या संघाशी बांधलेला असतो. ३० मोठे संघ, प्रत्येकाचे चार पायऱ्यांवरचे चार लहान संघ, असा १२० संघांचा जिना. खालच्या पायरीवरचा विशीतला मुलगा चांगला खेळला की वरच्या पायरीवर जातो आणि नशीब असेल तर शेवटी मुख्य संघात. खेळाडूंचा पगार मोठा संघ देतो. या जिन्याला एक दुसरी बाजूही आहे. २०२० साली करोनामुळे या लहान लीगचा हंगामच रद्द झाला, आणि त्यानंतर मोठ्या संघांनी फेररचना करून ४० हून अधिक शहरांतल्या संघांशी असलेले नाते तोडले. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेले संघ दूरच्या कार्यालयातल्या एका निर्णयाने उघड्यावर पडले. खेळाडूंचे वेतनही लाजिरवाणे होते. २०२२ मध्ये ते संघटित झाले आणि २०२३ च्या करारानंतर वरून दुसऱ्या पायरीवरच्या खेळाडूचे किमान वार्षिक वेतन १३,८०० डॉलरवरून ३०,२५० डॉलरवर गेले.

कोल्हापूरचा संघ कोणी दूरच्या कार्यालयातून बंद करू शकत नाही. त्याचा मालक गल्ली आहे, आणि गल्ली विकली जात नाही. ही त्याची ताकद. पण वर जाणारा जिनाच नाही, ही त्याची उणीव. पाटाकडील किंवा खंडोबाच्या संघात चमकलेल्या विशीतल्या मुलाला पुढची पायरी दिसत नाही. राष्ट्रीय पातळीवर इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्यात खालच्या लीगमधून बढती मिळण्याचा मार्ग २०२२-२३ च्या हंगामाअखेर प्रथम उघडला आणि पंजाबचा संघ वर गेला. पण तो मार्ग व्यावसायिक क्लबांसाठी आहे. त्यासाठी परवाना लागतो, मैदानाचे निकष लागतात, युवा संघ लागतात, कोट्यवधींची तरतूद लागते. तालीम मंडळाची वर्गणी तिथवर पोचणार नाही. आणि ज्या शिखराकडे पाहायचे त्याची स्थिती काय? २०२५ मध्ये हक्कांच्या कराराचा प्रश्न न सुटल्याने इंडियन सुपर लीगचा हंगामच ठरल्या वेळी सुरू होऊ शकला नाही. देशातली सर्वोच्च लीग कागदपत्रांत अडकून पडावी आणि ज्यांच्याकडे कागदपत्रेच फारशी नाहीत अशा पेठांच्या भरवशावर खेळ चालत राहावा, हा विरोधाभास भारतीय फुटबॉलबद्दल बरेच काही सांगून जातो.

मग पेठेतला गुणी खेळाडू काय करतो? तो पेठेतच मोठा होतो. हंगामापूर्वीची खेळाडू नोंदणी हा या शहरातला मोठा कुतूहलाचा विषय. कोण कोणत्या संघाकडे नोंदला, कोणाला किती मानधन ठरले, कोणी पेठ सोडली, याच्या चर्चा दिवाळीनंतर रंगतात. एकेकाळी पेठ सोडणे म्हणजे घर सोडल्यासारखे मानले जाई. आता मानधनापुढे ही भिंत खचली आहे. चषकांच्या बक्षिसांच्या रकमा वाढल्या, प्रायोजक आले, आणि त्यांच्यामागून नायजेरियासारख्या आफ्रिकी देशांतले व्यावसायिक खेळाडूही आले. हंगामापुरते पेठेत राहायचे, भाकरी-रस्सा पचवायला शिकायचे, मिरवणुकीत नाचायचे आणि गोल मारायचे. त्यांच्यापैकी काही जण पेठेचे इतके लाडके झाले की त्यांच्या नावाचे फलक लागले. खेळाला वेग आला, स्थानिक बचावपटूंना नवे धडे मिळाले, हे खरे.

तरीही या व्यवहाराची एक किंमत आहे आणि ती गल्लीतला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा मोजतो. आघाडीच्या जागा बाहेरून आलेल्यांनी भरल्या तर त्याला राखीव बाकावर बसावे लागते. दोन हंगाम बाकावर गेले की तो कामधंद्याकडे वळतो. जिंकण्याची ईर्षा मंडळाला आजच्या आज निकाल मागायला लावते. मुलगा घडवायला पाच वर्षे लागतात आणि पाच वर्षांच्या कामाचा फलक लावता येत नाही. परदेशी खेळाडूंना मनाई करून हा प्रश्न सुटेल, असे मला वाटत नाही. ते आले म्हणून मुले मागे राहिली, असे म्हणणे म्हणजे आपल्या आळसाला परक्याच्या नावाने झाकणे आहे. वयोगटांच्या लीग सातत्याने घेणे, प्रत्येक वरिष्ठ संघाला कुमार संघ सक्तीचा करणे, संघात ठरावीक संख्येने पेठेतले वीस वर्षांखालचे खेळाडू मैदानात ठेवण्याची अट घालणे, हे संघटनेला करता येण्याजोगे आहे. सरावाच्या मैदानांचा प्रश्न त्याहून अवघड. सामने शाहू स्टेडियमवर होतात, पण रोजचा सराव कुठे करायचा? शहर वाढले, मोकळ्या जागा आटल्या, आणि आहेत त्या मैदानांवर क्रिकेट, लष्करभरतीची तयारी, सभा आणि प्रदर्शने यांची गर्दी. पूर्वी तळी बुजवून मैदाने मिळाली. आता बुजवायला तळीही उरलेली नाहीत, आणि उरली आहेत ती बुजवू नयेत.

कोलकात्याच्या मैदानी क्लबांशी कोल्हापूरची तुलना नेहमी होते. १९११ साली मोहन बागानच्या बहुतांशी अनवाणी खेळाडूंनी इंग्रज पलटणीच्या संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकली, ती घटना बंगालच्या राष्ट्रीय अस्मितेत जाऊन बसली. कोल्हापूरच्या फुटबॉलला असा एखादा दिवस नाही. त्याच्या वाट्याला इंग्रजांशी झुंज आली नाही, शेजारच्या पेठेशीच आली. म्हणूनच कदाचित तो इतिहासाच्या पुस्तकांत नाही. ज्या शहराने हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये १९५२ साली कांस्यपदक जिंकणाऱ्या खाशाबा जाधवांना घडवले आणि ज्या जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक मिळवले, त्याला पदकांची सवय नाही असे नाही. फुटबॉल मात्र पदकासाठी खेळला जात नाही. लीगचा चषक तालमीत आणून गणपतीशेजारी ठेवायचा आणि वर्षभर समोरच्या गल्लीकडे पाहून मिशीवर ताव द्यायचा, एवढेच त्याचे ध्येय.

ज्यांना पाहायला जायचे आहे त्यांनी स्थानिक वृत्तपत्रात आदल्या दिवशीची क्रीडावार्ता पाहावी. दुसऱ्या दिवशीच्या सामन्यांच्या वेळा तिथे शेवटच्या ओळीत छापलेल्या असतात. मोठा सामना असेल तर तासभर आधी पोचावे. कोणत्याही एका संघाच्या समर्थकांच्या घोळक्यात बसण्यापूर्वी आपण कोठे बसलो आहोत याची चौकशी करावी आणि त्या रंगाचा सदरा अंगावर असला तर तो कोणाचा आहे हेही विचारून घ्यावे. सामना संपल्यावर हरलेल्या बाजूच्या दरवाजाने बाहेर पडणे इष्ट. तिकडे गर्दी लवकर पांगते आणि चर्चा अधिक अभ्यासपूर्ण असते. मग खासबागेत भेळ घ्यावी, आणि भूक जास्त असेल तर मिसळ. रात्री गंगावेशीत म्हशींचे ताजे दूध प्यायला जाण्याची प्रथा आहे. समोर धार काढून, फेसासकट पेला हातात देतात. तिथे दुपारच्या सामन्यातला ऑफसाइडचा निर्णय बरोबर होता की चूक, हा वाद चालू असतो आणि दूधवाल्याचेही त्यावर ठाम मत असते. ते कोणत्या बाजूचे आहे, हे त्याची पेठ विचारल्याशिवाय कळत नाही.